अत्तराचें बोट

सुगंध हा आमच्या सणसमारंभांचा अर्धा प्राण होय. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाण, तिळगूळ आणि गुलाबदाणी यांच्या जोडीला मनगटावर अत्तराचें बोट हवेंच. तें टाळणें म्हणजे यजमानिणीचा अपमान, अशी समजूत आहे. परंतु गेल्या संक्रांतीस एका परिचित घरीं आम्हीं जें पाहिलें, त्यामुळें या प्रथेविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

त्या घरच्या धाकट्या सूनबाईंनीं थोरल्या जाऊबाईंपुढें हात मागें घेतला. "वहिनी, मला नको," एवढेंच त्या म्हणाल्या. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. "आतांच्या मुलींना सगळ्याचेंच वावडें!" असा शेराही चारचौघींत मिळाला. सूनबाईंच्या मनगटावर आधींच लालसर चट्टा होता, तो कोणींच पाहिला नाहीं.

वस्तुतः हा प्रश्न नाजुकपणाचा नसून शरीरशास्त्राचा आहे. सुगंधी द्रव्यांचे कांहीं रेणू कातडींत शिरून तेथील प्रथिनांशीं जोडले जातात. शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशी त्यांस एकदां का शत्रू मानूं लागल्या, कीं पुढें संपर्क होतांच एक-दोन दिवसांत खाज सुटते व पुरळ उठतें. ही ओळख बहुधा जन्मभर पुसली जात नाहीं. यास्तव "इतकीं वर्षें लावीत होतीस, तेव्हां कुठें काय झालें?" हा प्रश्न निरर्थक होय. दमा अथवा अर्धशिशी असणारांस तर नुसत्या उग्र वासानेंही त्रास होऊं शकतो.

"अस्सल फुलांचा अर्क, त्याचा कसला अपाय?" असेंही विचारलें जातें. लव्हेंडरसारख्या फुलांतील लिनालूल आणि संत्र्याच्या सालींतील लिमोनीन हीं द्रव्यें मूळचीं सौम्य खरीं. परंतु हवेशीं संयोग झाला म्हणजे त्यांपासून ॲलर्जी उत्पन्न करणारीं तीव्र संयुगें बनतात. सतरा वेळां उघडलेली जुनी कुपी आठवण म्हणून अवश्य जपावी. अंगाला मात्र लावूं नये. उलटपक्षीं, कृत्रिम सुगंधही सारेच निर्दोष नसतात. लिलियल नांवाचें एक बहुप्रचलित द्रव्य प्रजननास अपायकारक ठरण्याचा संभव दिसल्यावरून युरोपियन संघानें १ मार्च २०२२ पासून प्रसाधनांत बंद केलें.

त्याच संघानें २००३ सालीं २६ सुगंधी घटक ठराविक प्रमाणाबाहेर असल्यास त्यांचीं नांवें वेष्टनावर छापण्याचा नियम केला, व २०२३ सालीं ती यादी ऐंशींच्या पुढें नेली. आपल्याकडील बाटलीवर पुष्कळदां 'परफ्यूम' हा एकच शब्द असतो. तेव्हां पारख घरींच केलेली बरी. नवें अत्तर कोपराच्या आंतल्या बाजूस, एकाच जागीं, दिवसांतून दोनदां असें आठवडाभर लावून पाहावें. खाज किंवा लाली दिसतांच थांबावें. जेथें पूर्वीच चट्टा आहे, तेथें मात्र प्रयोग न करतां त्वचारोगतज्ज्ञांकडे जावें; ते पाठीवर पट्ट्या चिकटवून नेमकें कोणतें द्रव्य बाधतें हें शोधतात. तान्ह्या मुलांच्या अंगास तर अत्तर लावूंच नये.

उपर्युक्त सूनबाईंची अशी तपासणी झाली, आणि दोष सुगंधी द्रव्यांचाच निघाला. परवां चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों होतों. तबकांत अत्तरदाणी पूर्वीसारखीच होती, परंतु सासूबाई प्रत्येकीस आधीं विचारीत होत्या, "लावूं का?" आणि जी "नको" म्हणे, तिच्या ओंजळींत हंसतमुखानें हरभऱ्याची ओटी घालीत होत्या. पाहुणीच्या सुखासाठींच जर सुगंध असेल, तर तो तिला विचारून देण्यांत प्रथेची हानि ती कोणती?