पायरी मावशीची, पोर्तुगालची नव्हे



देशातल्या देशात परदेश दाखवणारा रविवार पुरवणीतला लेख वाचला. कमी खर्चात हौस भागावी हा हेतू चांगलाच. पण पणजीच्या फोंतेन्हासला ‘भारतातला पोर्तुगाल’ म्हणणे पटले नाही.

लेखकाला पिवळ्या-निळ्या भिंती दिसल्या, पण गिलाव्याखालचा कोकणातला जांभा दिसला नाही. तिथल्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी तासलेल्या शिंपल्यांचे तुकडे असतात. दुपारचे ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत येते. वर मळ्याच्या टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे आणि त्याच्या जत्रेची गर्दी याच गल्ल्यांत उतरते. हे लिस्बनमध्ये कुठे सापडायचे?

हिमाचलमधल्या खज्जियारचेही तेच. १९९२ मध्ये ‘मिनी स्वित्झर्लंड’ हे बिरुद चिकटले आणि कुरणाकाठचे खज्जी नागाचे लाकडी देऊळ फोटोच्या चौकटीबाहेर गेले.

अशा तुलनेचा त्रास तिथे राहणाऱ्यांना होतो. माझी मावशी फोंतेन्हासमध्ये राहते. तिच्या पायरीवर बसून फोटो काढणाऱ्या एका पाहुणीने तिला विचारले, “मावशी, तेवढी कपड्यांची दोरी काढता का? पोर्तुगालचा फील जातो.” मावशीने दोरी काढली नाही, उलट आणखी एक लुगडे वाळत घातले.

वाचकांनी फोंतेन्हासला जरूर यावे. फक्त तिथे माणसे राहतात हे ध्यानात ठेवावे आणि पायरीवर बसण्याआधी दार वाजवावे.

– एक वाचक, फोंडा (गोवा)