वर्तमानात जगा म्हणे!

निवृत्तीच्या समारंभात, योगाच्या वर्गात, सकाळी सकाळी येणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशात हल्ली एकच सल्ला फुकट वाटला जातो: वर्तमानात जगा. गेलं ते गेलं, पुढचं कुणी पाहिलंय? ऐकायला बरं वाटतं. पण कुठली माणसं आपल्या आयुष्यावर समाधानी असतात, याचा मानसशास्त्रात जो अभ्यास झाला आहे, त्यात सगळ्यात जड पारडं निघतं ते भूतकाळाचं.

फिलिप झिम्बार्डो हे नाव बहुतेकांना १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगामुळे ठाऊक असतं. त्या प्रयोगावरून झालेल्या वादात त्यांचं दुसरं काम झाकोळलं. १९९९ मध्ये जॉन बॉइड यांच्याबरोबर त्यांनी ५६ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. काळाकडे बघण्याची पाच वळणं ती मोजते: मागच्या दिवसांबद्दलची कटुता, त्याच दिवसांबद्दलची माया, आजची मौज, ‘नशिबात असेल ते होईल’ ही शरणागती आणि उद्याची तजवीज. कटुता जितकी जास्त तितकं समाधान कमी, असं पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं. माया जास्त असलेल्यांचं उलट.

समाधान मोजायला बहुतेक वेळा एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ ची पट्टी वापरतात. विधानं पाचच, प्रत्येकाला एक ते सात गुण, बेरीज ५ ते ३५. शेवटच्या विधानाचा आशय असा की, आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तरी मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही. हे वाचून माणूस मागेच वळून बघणार! पट्टीच जराशी भूतकाळाकडे कललेली आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता स्वभावाची शंका. जो मूळचाच किरकिरा, त्याला मागचंही वाईटच आठवणार आणि समाधानाच्या रकान्यातही तो हात आखडता घेणार. मग काळाला मध्ये आणायचंच कशाला? शंका रास्त आहे. चिंतातुर स्वभावाची माणसं कमी समाधानी आणि चारचौघांत रमणारी जास्त समाधानी, हे कोस्टा आणि मॅक्रे यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. पण २०११ मध्ये झँग आणि हॉवेल या अभ्यासकांनी मानसशास्त्रात मोजले जाणारे स्वभावाचे पाच मुख्य गुण हिशेबात धरले, तरी काळाकडे बघण्याच्या वळणाचा वेगळा वाटा शिल्लक उरला. म्हणजे सगळं खापर स्वभावावर फोडून मोकळं होता येत नाही.

एकाच भूतकाळाकडे बघण्याची अशी वेगवेगळी वळणं घरोघरी सापडतात. चाळीत वाढलेले दोन सख्खे भाऊ साठीनंतर एकत्र बसले की ऐका. धाकटा म्हणतो, “दादा, गॅलरीत गाद्या टाकून झोपायचो, काय मजा होती रे!” दादा म्हणतो, “मजा? पहाटे नळावर रांग मी लावायचो. संडासालाही रांग. तुला काय, तू शेंडेफळ.” खोली तीच, नळ तोच, आईबाप तेच. दोघंही खरंच सांगताहेत. फक्त एकाच्या आठवणीत गॅलरी मोठी झाली आणि दुसऱ्याच्या आठवणीत नळ. दादाला वर्तमानात जगायला सांगून काय साधणार? त्या नळाबद्दल चाळीस वर्षांत घरातल्या कुणी ‘तुझे हाल झाले खरे’ एवढंही म्हटलेलं नसतं. ते म्हटलं गेलं तर कदाचित त्यालाही गॅलरी आठवेल. घटना बदलता येत नाहीत. त्या कुणापुढे आणि कशा सांगायच्या, यात मात्र बरीच जागा असते.

तरीही इथे मला जरा थांबावंसं वाटतं. ‘भूतकाळाकडे प्रेमानं बघा’ हा उद्याचा फुकट सल्ला व्हायला वेळ लागणार नाही. कटुतेचे गुण जास्त आले म्हणजे माणूस कुढा, असं नाही. खरोखर वाईट घडलेलं असू शकतं, हे झिम्बार्डो आणि बॉइड यांनीही नमूद केलं होतं. प्रश्नावलीला तो फरक कळत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कित्येकांना परत काम मिळालंच नाही. अशा घरातल्या मुलाची शाळा त्या वर्षी सुटली असेल, तर समाधानाच्या पट्टीतल्या त्या पाचव्या विधानापुढे तो किती गुण देईल? कमीच देईल, आणि ते बरोबरच असेल. त्यात त्याच्या स्वभावाचा दोष शोधणं हा उद्धटपणा झाला.

उद्याची तजवीज करणारे आपण मध्यमवर्गीय यातून सुटतो, असंही नाही. दहावी झाली की बारावी, मग नोकरी, मग फ्लॅटचे हप्ते, मग मुलांची दहावी. तजविजीनं मार्क मिळतात, पैसा साठतो. समाधानाशी तिचं नातं मात्र त्या मानानं सैलच दिसतं. झिम्बार्डो स्वतः दक्षिण ब्रॉन्क्सच्या गरीब वस्तीतून वर आले ते याच तजविजीच्या जोरावर. कामापायी मित्र आणि मौज मागे पडल्याची कबुली त्यांनी जाहीर व्याख्यानात दिली होती. त्यांना ‘वर्तमानात जगा’ सांगितलं असतं, तर ते नक्की उपयोगी पडलं असतं. तो सल्ला अशांसाठीच ठेवावा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करून म्हाडाच्या सोडतीची वाट बघणाऱ्या वारसदाराला तो ऐकवू नये. त्याची मागची बाकी अजून कुणी चुकती केलेली नाही.