कोयत्याचा खाडा आणि देशाचा जमाखर्च

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास बीड, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतील. गळीत हंगाम संपेपर्यंत त्यांचं घर म्हणजे फडाशेजारची कोपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल दोघांच्या नावावर, आणि एकाने जरी खाडा केला तरी दंड कापला जातो.

या दंडाला घाबरून बाई पाळीतही डोक्यावर मोळी वाहते. फडात न्हाणीघर नाही, स्वच्छ पाणी नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. गावी परतल्यावर खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढली जाते. २०१९ साली नेमलेल्या शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायाही होत्या. शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा मुकादमाच्या उचलीतून होतो आणि ती फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा फड गाठावा लागतो. आजार, कर्ज, पुन्हा आजार.

आर्थिक विकासाच्या चर्चेत साखर मोजली जाते, इथेनॉल मोजलं जातं. त्या शस्त्रक्रियेचं बिलसुद्धा राष्ट्रीय उत्पन्नात मिळवलं जातं! बाईच्या अंगातली गेलेली ताकद मात्र कोणत्याच ताळेबंदात वजा होत नाही. ज्या वाढीत कष्टकऱ्यांचं शरीर असं फुकट वापरलं जातं, तिला विकास म्हणायला आमचं मन धजत नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. पैसा कमी आहेच, पण आमच्या मते त्याहून मोठी चूक रचनेत आहे. आशाताई, अंगणवाडी, उपकेंद्र ही सगळी व्यवस्था गावाला बांधलेली. कामगार मात्र जवळजवळ अर्धं वर्ष गावाबाहेर. गरोदर बाईची नोंद बीडच्या वहीत आणि बाई सांगलीच्या फडात. बाळाच्या लसीचा डोस चुकतो तो आईच्या अडाणीपणामुळे नव्हे.

बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला, तो चांगलाच. पण तो शेवटच्या पायरीवरचा अडसर आहे. दुखणं सुरू होतं फडात. म्हणून साखर आयुक्तांनी गाळप परवाना देतानाच अट घालावी: कारखान्याच्या हद्दीत हंगामभर फिरतं आरोग्यपथक, फडात पाणी आणि शौचालय, पाळीच्या व बाळंतपणाच्या दिवसांत दंडाविना सुट्टी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तितकेच सरकारकडून, अशी तरतूद आहेच. तिचा पहिला खर्च इथे व्हावा, आणि याच हंगामात व्हावा.