मर रोगाला दुबळी बुरशी : आमच्या तीन अटी



फुलावर आलेली तूर उभ्या उभ्या वाळते. साल सोलली की आत काळ्या रेघा दिसतात. हा मर रोग. फ्युजारियम बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. देशी कपाशीला मारणारी बुरशी हिच्याच भावकीतली. फवारा पानावर बसतो, ही मात्र जमिनीत, धसकटात वर्षानुवर्षे टिकते.

यावर एक उफराटा वाटणारा इलाज आहे : दुबळी बुरशी आधी मुळाशी बसवायची. कॅलिफोर्नियात 1966 साली कपाशीवर हे दिसले. मर आणणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीचा सौम्य प्रकार आधी दिला, तर जहाल प्रकाराचा तडाखा कमी झाला. फ्रान्समध्ये शातोरनारच्या जमिनीत मर रोग जोर धरत नाही. तिथल्या मातीतून निरुपद्रवी फ्युजारियम वेगळी काढली गेली. ती मुळाभोवतीची जागा आणि अन्न अडवते, झाडाची प्रतिकारशक्तीही जागी करते. गाईच्या देवीने माणसाची देवी थोपवली, तसलाच हा प्रकार.

हे तंत्र आम्हाला हवे आहे, पण तीन अटींवर. एक, बुरशी आपल्याच काळ्या जमिनीतली असावी. दोन, कपाशीला सौम्य असलेली बुरशी तूर-हरभऱ्याला जहाल नाही, हे आधी तपासावे. आपण कपाशीत तूर पेरतो. तीन, चाचणी कोरडवाहू वावरात व्हावी. कुंडीत रोज पाणी मिळते, आपल्याकडे जूनमध्ये पावसाची वाट पाहावी लागते. नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्यात 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी आमच्या धुऱ्यावर यावे, वावर आम्ही देऊ.

तोवर हातात आहे ते करू. बीएसएमआर 736 किंवा आशा ही मर सोसणारी तूर पेरू. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळू. ज्वारीत तूर घेतली की मर कमी होते, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅटने दाखवले आहे. ज्वारीची ही कमाई बाजारभावात कोणी धरत नाही, आपण धरली पाहिजे.

आणि एक ध्यानात ठेवा. उघाडीनंतर जोराचा पाऊस पडून संकरित कपाशी एकाएकी माना टाकते, ती आकस्मिक मर. तिथे बुरशीचा काही संबंध नाही. वावरात साचलेले पाणी काढा. त्यावर बुरशीची पुडी विकायला कोणी आला, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवा.