स्थिर आकाराचे अस्थिर गणित

बंगळुरूच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र हे देशातील लहान कारखानदारीच्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेल्या या वसाहतीत लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग यंत्रांची घरघर दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत ऐकू येते. २०१४ साली येथे मेट्रो पोहोचली आणि दिल्लीहून जाणाऱ्या पाहुण्यालाही हा परिसर सोयीचा झाला. या कारखान्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून आलेले मराठी कामगार आहेत. अशाच एका टर्नरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी अलीकडे जाण्याचा योग आला. सीमाप्रश्नावर काही ऐकायला मिळेल, या अपेक्षेने गेलेल्या या प्रतिनिधीपुढे त्याने चहाच्या आधी विजेचे बिल ठेवले.

‘‘साहेब, गावाकडं पंधरा दिवस जाऊन आलो, घर बंद होतं. तरी हे पैसे आलेच की,’’ असे म्हणत त्याने बिलातील एका ओळीवर बोट ठेवले. कन्नडमध्ये तिला ‘निगदित शुल्क’ म्हणतात, महाराष्ट्रातील बिलांवर तोच ‘स्थिर आकार’. वीज वापरली किंवा न वापरली, तरी मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॉटमागे द्यावी लागणारी ही रक्कम. त्याच्या जोडणीचा मंजूर भार दोन किलोवॉटचा. म्हणजे कर्नाटक विद्युत नियामक आयोगाने २०२५-२६ साठी ठरविलेल्या १४५ रुपये प्रतिकिलोवॉट दराने महिन्याला २९० रुपये. त्या महिन्यात घरात जळलेली वीज जेमतेम ३० युनिट, तिचे मोल १७४ रुपये. विजेपेक्षा वीज मिळण्याच्या शक्यतेचीच किंमत अधिक!

या बिलाचा दोन वर्षांचा प्रवास तपासला, तर राजकीयदृष्ट्या एक विलक्षण गोष्ट हाती लागते. मे २०२३ च्या आदेशानुसार कर्नाटकात महिना १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला युनिटमागे ४ रुपये ७५ पैसे दर होता. त्यापुढे गेलेल्याला सर्वच युनिट ७ रुपयांनी घ्यावी लागत. स्थिर आकार किलोवॉटमागे ११० रुपये होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने हे टप्पे मोडून सर्वांना ५ रुपये ९० पैसे असा एकच दर लावला आणि स्थिर आकार १२० वर नेला. मार्च २०२५ मध्ये युनिटचा दर १० पैशांनी उतरला, पण स्थिर आकार १४५ झाला आणि वीज कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन व उपदान यांपोटी युनिटमागे ३६ पैशांचा अधिभार आला.

आता साधा हिशेब मांडून पाहावा. दोन किलोवॉटची जोडणी आणि महिना ६० युनिट वापर असलेल्या बिऱ्हाडाचे बिल, कर आणि इंधन समायोजन बाजूला ठेवून, २०२३ च्या दराने ५०५ रुपये होत होते. २०२५ च्या दराने ते सुमारे ६६० रुपये झाले. वाढ तीस टक्क्यांची. याउलट तीन किलोवॉटची जोडणी आणि २०० युनिट वापर असलेल्या सदनिकेचे बिल याच काळात १,७३० रुपयांवरून सुमारे १,६६७ रुपयांवर उतरले. काटकसर करणारा अधिक देतो आणि वातानुकूलन यंत्र चालविणारा थोडे कमी देतो, अशी ही दरसुधारणा झाली. तरीही रस्त्यावर कुणी उतरले नाही. याचे कारण ‘गृहज्योती’.

काँग्रेसने २०२३ च्या निवडणुकीत दिलेल्या पाच हमींपैकी ही एक. दरमहा २०० युनिटपर्यंत वीज मोफत, असे तिचे लोकप्रिय रूप. प्रत्यक्ष नियम अधिक बारीक आहे. योजनेच्या सुरुवातीच्या नियमानुसार त्या मीटरवरील २०२२-२३ चा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढीच वीज मोफत. त्याहून अधिक वापरले तर वरची युनिट विकत, आणि २०० ओलांडले तर संपूर्ण बिल भरायचे. मागील वापराची नोंदच नसलेल्या नव्या घरासाठी राज्याची सरासरी ५३ युनिट धरून ५८ युनिटांची मर्यादा ठरली. ज्यांचे बिल शून्यावर आले, त्यांना दर काय आहे हे पाहण्याचे कारण उरले नाही. त्यांचे बिल सरकार भरते, त्यामुळे लहान ग्राहकाचा दर ४ रुपये ७५ पैशांवरून ५ रुपये ९० पैशांवर गेला, याची राजकीय किंमत कुणालाच मोजावी लागली नाही. मोफत विजेने गरिबाला दिलासा दिला, हे निर्विवाद आहे. पण त्याच दिलाशाने दररचनेतील अन्यायावर पडदाही टाकला.

पडद्याबाहेर जे राहिले, त्यांत पीण्याचा हा टर्नर आहे. भाडेकरूंनाही योजना लागू आहे, मात्र त्यासाठी भाडेकरारासारखा वास्तव्याचा पुरावा हवा. दासरहळ्ळी, लग्गेरे, राजगोपालनगर या भागांतील वठारांत, म्हणजे आपल्याकडील चाळींसारख्या ओळीच्या खोल्यांत, कागदावर करार करून देणारा घरमालक मिळणे अवघड. शिवाय हक्क जोडला आहे मीटरच्या जुन्या वापराशी. आधीच्या बिऱ्हाडाने रात्रपाळी करत एका दिव्यावर वर्ष काढले असेल, तर त्या काटकसरीची शिक्षा पाच माणसांच्या नव्या कुटुंबाला. आणि जेथे सहा खोल्यांना मिळून एकच मीटर आहे, तेथे एकत्रित वापर २०० युनिटांपलीकडे जाणारच. मग घरमालक जो दर सांगेल तो दर. शेजारच्या वठारातील बिऱ्हाडे युनिटमागे दहा रुपये देतात, असे आमच्या यजमानाने सांगितले. नियामक आयोगाच्या सुनावणीत या खोल्यांचे प्रतिनिधित्व करणारे कुणी नसते.

स्थिर आकार हा मुळात अन्याय्य आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. वितरण कंपनीच्या खर्चाचा मोठा भाग खरोखरच स्थिर असतो: तारा, रोहित्रे, पगार आणि मुख्य म्हणजे वीज प्रकल्पांना द्यायचा क्षमता आकार. १९९२ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून वीजखरेदीचे दोन भाग झाले, एक प्रकल्पाच्या उपलब्धतेचा आणि दुसरा प्रत्यक्ष विजेचा. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दाभोळने ते पुरेसे महागात शिकविले आहे. डिसेंबर १९९३ च्या करारानुसार वीज घ्या अथवा न घ्या, क्षमतेचे पैसे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने मोजायचे होते. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूळ एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. दाभोळचा करार त्या काळी देशभर गाजला. घराघरांतील दोन किलोवॉटचा हाच करार मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

आज हा आकार वाढण्यामागे आणखी एक कारण आहे. मोठे औद्योगिक ग्राहक मुक्त प्रवेशाच्या मार्गाने थेट पवन व सौर प्रकल्पांतून वीज घेतात, ऐपत असलेले बंगलेवाले छतावर सौर पट्ट्या बसवितात. कंपनीची विक्री घटते, तारांचा खर्च घटत नाही. मग जो बाहेर पडू शकत नाही, त्याच्या स्थिर आकारात वाढ. पीण्यातील लहान कारखानदारही याच कोंडीत आहे. शेड भाड्याची असल्यामुळे छत त्याचे नाही, आणि भार इतका मोठा नाही की मुक्त प्रवेश परवडावा. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रे बंद असताना देशभरच्या लघुउद्योजकांची जी मागणी सर्वांत मोठ्याने ऐकू आली, ती स्थिर आकार माफ करण्याचीच होती.

संसदेत विजेच्या दरांवर प्रश्न विचारला की उत्तर वर्षानुवर्षे एकच असते: दर ठरविणे हा राज्य आयोगांचा अधिकार आहे. वीज समवर्ती सूचीत असल्याने हे तांत्रिकदृष्ट्या खरेही आहे. परंतु आयोग ज्या चौकटीत दर ठरवितात, ती दिल्लीतच घडते, आणि ती घडविण्यात मराठी मंत्र्यांचा वाटा मोठा आहे. १९४८ चा विद्युत (पुरवठा) कायदा झाला, तेव्हा हे खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. २००३ च्या विद्युत कायद्याचे विधेयक सुरेश प्रभू यांच्या कारकिर्दीत २००१ मध्ये मांडले गेले आणि अनंत गीते मंत्री असताना मंजूर झाले. सुशीलकुमार शिंदे यांच्या वाट्याला २०१२ चा जाळे कोलमडण्याचा प्रसंग आला, असो. २००३ च्या कायद्यातील कलम ६५ अनुदान देणाऱ्या राज्याने रक्कम आगाऊ भरावी असे बजावते. कलम ६१ परस्पर अनुदान क्रमाने कमी करण्यास सांगते. ग्राहकाला निवड मिळावी, ही त्या कायद्याची घोषित आकांक्षा होती. मोठ्या ग्राहकाला ती मिळाली. घरगुती ग्राहकाला मिळाली ती फक्त बिलावर अधिक ओळींची भर.

डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनी इंधन व वीजखरेदीच्या खर्चातील चढउतार दरमहा आपोआप ग्राहकावर टाकण्याची वाट मोकळी केली. म्हणजे आयोग तीन वर्षांचा दर आगाऊ जाहीर करतो खरा, पण तो दर त्या महिन्यापुरताही पक्का नाही. जून २०२३ च्या नियमांनुसार कृषी वगळता इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसेल तसतसा, वेळेनुसार दर लावायचा आहे: उन्हाच्या तासांत किमान वीस टक्के स्वस्त, सर्वाधिक मागणीच्या तासांत किमान दहा टक्के महाग. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. परंतु पहिल्या पाळीचा कामगार स्वस्त विजेच्या वेळी कारखान्यात असतो आणि त्याच्या घरात दिवा लागतो तो नेमका महागाईच्या तासांत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या सुधारणा विधेयकाच्या मसुद्यात उत्पादक उद्योग, रेल्वे आणि मेट्रोवरील परस्पर अनुदानाचा बोजा पाच वर्षांत संपविण्याचा प्रस्ताव आहे. पीण्यात याचा अर्थ असा की दिवसा ज्या शेडमध्ये हा माणूस काम करतो, तिचे बिल हलके होईल आणि रात्री ज्या खोलीत तो झोपतो, तिचे जड. रोजगार टिकावा म्हणून हे समर्थनीय ठरू शकते. मात्र खोलीच्या बिलाची तजवीज काय, हे मसुद्याबरोबरच सांगितले पाहिजे.

येथे ब्रिटनचा दाखला उपयोगी पडेल, कारण तेथील मराठी कुटुंबांनी २०२२ चा हिवाळा बिलांच्या धास्तीत काढला. तेथे ग्राहक एक-दोन वर्षांसाठी ठरावीक दराचा करार करू शकतो, किंवा नियामकाने घातलेल्या कमाल मर्यादेखाली बदलता दर घेऊ शकतो. २०२१ मध्ये वायूच्या किमती भडकल्या, डझनावारी पुरवठादार बुडाले आणि ठरावीक दराचे करार बाजारातून जवळपास नाहीसे झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वसाधारण कुटुंबाची वार्षिक मर्यादा ३,५४९ पौंडांवर गेली, तेव्हा सरकारला ती २,५०० पौंडांच्या पातळीवर रोखून धरावी लागली. निवड ही संकटात टिकेलच असे नाही, हा त्यातला धडा. पण ज्या कुटुंबांनी आधीच दर बांधून घेतला होता, ती मुदतीपुरती निश्चिंत राहिली, हेही तितकेच खरे.

आपल्या घरगुती ग्राहकाला दोन गोष्टी देणे अशक्य नाही. पहिली, तीन वर्षांच्या आदेशातील दर मासिक समायोजनाशिवाय, थोडा चढा का होईना, बांधून घेण्याचा पर्याय. दरमहा घरी ठरावीक रक्कम पाठविणाऱ्या स्थलांतरिताला दहा टक्के स्वस्ताईपेक्षा पुढच्या महिन्याचा आकडा माहीत असणे अधिक मोलाचे असते. ज्याला वेळ साधता येते, त्याने वेळेनुसार दर घ्यावा, सक्ती नको. दुसरी, स्थिर आकार मंजूर भारावर न लावता स्मार्ट मीटरने नोंदविलेल्या प्रत्यक्ष कमाल मागणीवर लावणे. ज्या मीटरने ग्राहकाची प्रत्येक अर्ध्या तासाची हालचाल टिपायची, त्याच मीटरने त्याचा एक किलोवॉटचा वापरही मान्य केला, तर बिघडते कुठे? पहिल्या पर्यायाचा खर्च कुणावर तरी पडेल, हे खरे. तो अर्थसंकल्पातून द्यावा आणि कलम ६५ प्रमाणे आगाऊ द्यावा, म्हणजे विधिमंडळात त्यावर बोलता येईल.

दिल्लीतील सरकारी निवासस्थानांत राहून गावाकडचा फ्लॅट कुलूपबंद ठेवणाऱ्या आपल्या अधिकारी वाचकांनीही एकदा जुने बिल काढून मंजूर भाराचा आकडा पाहावा. गरजेपेक्षा अधिक असेल, तर तो कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. पीण्याच्या त्या बिऱ्हाडात पंखा, चार दिवे, दूरचित्रवाणी संच आणि मिक्सर एवढीच उपकरणे होती; त्यांना एक किलोवॉट पुरेसा आहे आणि महिन्याचे १४५ रुपये वाचतात, हे सांगितल्यावर यजमान लगेच कागद-पेन घेऊन बसला. अर्जाच्या तळाशी सही कुणाची लागते, असे त्याने विचारले. जोडणी घरमालकाच्या नावे असल्याने सही त्याचीच लागणार होती. त्याने पेनाला टोपण लावले आणि आतून चहा मागविला.