‘आर्ट्‌सला टाकू’

“मास्तर, पोराला पुण्याला धाडतो, कॉम्प्युटरला. तिथं नंबर नाही लागला तर इथंच जालन्यात टाकू आर्ट्‌सला!”

टाकू! जणू काही ती शेणाची पाटीच! पोरगे बिचारे इतिहास शिकायचा म्हणून हटून बसलेले. बापाचे म्हणणे, इतिहास ही श्रीमंतांची चैन. गरिबाने नोकरीची विद्या घ्यावी.

ज्याची मोसंबीची बाग वाळली, त्याचा धसका मला कळतो. त्याला मी हसणार नाही. पण गरिबी डॉ. आंबेडकरांना काय कमी ठाऊक होती? कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञानही शिकले. १९५० साली आपल्या शेजारी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) त्यांनी महाविद्यालय काढले, ते मागासलेल्या मराठवाड्यातल्या दरिद्री पोरांसाठी. त्यात विज्ञान होते, तशी कलाशाखाही होती. अन् पुढे त्याला नाव मिळाले मिलिंदाचे. भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या राजाचे! पोटाला चिमटा घेऊन शिकणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याची गरज अधिक, हे त्या माणसाने ओळखले होते.

हे सारे मी त्या बापाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि खिशातून पुण्याच्या वसतिगृहाची पावती काढून माझ्यापुढे धरली.