आवड आहे ना, मग सोडा नोकरी!

मी नागपुरातल्या एका अनुदानित उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलींना मराठी आणि उर्दू शिकवते. सतरा वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांपासून माझ्यापुढे एक प्रस्ताव आहे. एका छोट्या प्रकाशन संस्थेला उर्दूतलं कथासाहित्य मराठीत आणायचं आहे आणि त्यासाठी त्यांना पूर्णवेळ माणूस हवं आहे. अनुवादही करायचा आणि इतरांचे अनुवाद तपासायचेही. अकरा महिन्यांचा करार, महिन्याला २५ हजार. माझ्या आजच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. पण काम असं की मी ते आजवर रात्री अकरानंतर, भांडी आवरून, वह्या तपासून, फुकट करत आले आहे.

या प्रस्तावाबद्दल मी लोकांशी बोलले, आणि लिहायला बसले ते त्यांच्या उत्तरांमुळे. कोणालाच धक्का बसला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतल्या एका सरांच्या मनात फोटोग्राफीसाठी नोकरी सोडायचं आलं, तेव्हा त्यांना समजवायला सासरे आले, मोठे भाऊ आले, मोहल्ल्यातले बुजुर्ग आले. ‘लगी-लगाई नोकरी कोणी सोडतं का?’ माझ्या वेळी मात्र सगळे खूश. खाला म्हणाल्या, चांगलं झालं, आता घराकडे लक्ष देता येईल. नणंदेला वाटलं, माझी पाठदुखी थांबेल. एक मैत्रीण म्हणाली, तुझे मियाँ कमावतात ना, आवड आहे तर सोड की! पंचवीस हजारांचं काम कसलं, दिवसाचे किती तास, करार संपल्यावर काय, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते फक्त आमच्या शाळेतल्या लिपिक भाऊंनी. दर महिन्याला शालार्थ प्रणालीत आमची पगारबिलं तेच भरतात. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “काहून सोडता मॅडम? वरिष्ठ श्रेणी लागली तुम्हाले. अकरा महिन्यानं काय कराल?”

पुरुषाने आवडीसाठी नोकरी सोडली तर ते वेड ठरतं आणि बाईने सोडली तर तीच गोष्ट घरवापसी ठरते. मी घरी बसायला निघालेली नाही, जास्त काम करायला निघाले आहे, हे पटवण्यात माझा निम्मा दम गेला. म्हणून ‘आवड की पगार’ या प्रश्नावर पुस्तकांत आणि भाषणांत जे मिळतं, ते मला पुरत नाही. ते लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की पगार म्हणजे फक्त पैसे.

माझे अब्बा मोमिनपुऱ्यात हातमागावर बसायचे. सूत मिळालं तर काम, काम झालं तर मजुरी. आमच्या घरात ‘महिना’ हा हिशेबाचा शब्द नव्हता, आठवडाही नव्हता. बी.एड. करून मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा मानधन तुटपुंजं होतं, तरी अम्मीने ते मोजलं नाही, तारीख विचारली. (शिक्षकांचा पगार एक तारखेला होतो असं शासन म्हणतं. आम्ही महिना सांगतो, तारीख सांगत नाही.) आज माझ्यासारख्या बी.एड. शिक्षकाची वेतनश्रेणी ३८,६०० पासून सुरू होते आणि बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी लागते. नवऱ्याचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. चांगलं चालतं, पण कधी चालतं आणि कधी नाही. घराचं कर्ज काढायला गेलो तेव्हा बँकेने दुकानाकडे बघितलंही नाही, माझी पगारपत्रकं मागितली. सातबारा नसलेल्या, बापजाद्यांचं दुकान नसलेल्या घरात पगारपत्रक हीच जमीन असते. मुलगी अकरावीत आहे. तिच्या शिकवणीचं काय करायचं हे ठरवताना माझं म्हणणं ऐकलं जातं. ते मी आई आहे म्हणून ऐकलं जातं की फी माझ्या खात्यातून जाते म्हणून, हे मी कधी तपासून पाहिलेलं नाही. तपासायची इच्छाही नाही.

निवृत्तिवेतनाची गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि मी त्यांतलीच. मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे कर्मचारी त्यासाठी संपावर गेले तेव्हा मीही घोषणा दिल्या होत्या. ‘पेन्शनसाठी तरी थांब’ असं मला कुणी सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही. पण थांबायला एवढं एकच कारण आहे असंही नाही.

आवडीसाठी नोकरी सोडणाऱ्यांच्या गोष्टींत आपल्या गावची सगळ्यात गाजलेली गोष्ट विजय बारसे यांची. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला आणि नागपुरात प्रत्येकजण त्यांच्याबद्दल बोलू लागला. चित्रपटगृहातून बाहेर पडलेले कितीतरी तरुण असं समजतात की सरांनी सगळं झुगारून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवला. तसं नाही. बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ मध्ये त्यांनी पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी मुलं पाहिली, त्यांना चेंडू दिला आणि त्यातून पुढे झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. तेव्हा ते नोकरीत होते आणि नोकरीतच राहिले. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसा त्यांनी अकादमीच्या जागेत घातला. म्हणजे आधी पगारातून आणि मग पगाराच्या साठलेल्या रकमेतून ते काम वाढलं. चित्रपटात हा हिशेब दाखवायला जागा नसते, ते समजू शकतं. पण तरुण मुलांना ही गोष्ट सांगताना आपण शिक्षकांनी तरी तो गाळू नये.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. इस्मत चुगताई. बी.ए. आणि मग अलीगढहून अध्यापनाची पदवी. हे दोन्ही करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय मुस्लिम बाई असं सांगितलं जातं. बरेलीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या, मुंबईत आल्यावर शाळा तपासणीच्या नोकरीत होत्या. म्हणजे अगदी आपल्या जातकुळीतल्या, हजेरीपट आणि शेरेबुक माहीत असलेल्या. ‘लिहाफ’ १९४२ ची. त्यावरून लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला आणि त्या सुटल्या. पुढे त्यांनी नोकरी सोडली, ही गोष्ट आमच्या उर्दूच्या वर्गांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. सोडून त्या कुठे गेल्या, हे मात्र कमी सांगतात. त्या चित्रपटांत गेल्या. ‘जिद्दी’ १९४८ ची, ‘आरजू’ १९५० ची, आणि खूप नंतर ‘गर्म हवा’ची कथा. पती शाहिद लतीफ दिग्दर्शक होते. इस्मत आपांनी एक मिळकत सोडून दुसरी धरली, आणि त्या दुसऱ्या मिळकतीच्या सावलीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या धाडसाला यामुळे जराही उणेपणा येत नाही. उलट एवढी बेधडक बाईसुद्धा स्वतःच्या कमाईच्या बाबतीत किती सावध होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

खरोखर पगार सोडून उडी मारली ती प्रेमचंदांनी. फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूरला गांधीजींचं भाषण झालं आणि त्यांनी वीसेक वर्षांची सरकारी शिक्षकी सोडली. त्यामागे आवडीपेक्षा देशाचा प्रश्न मोठा होता, तरी पुढचा संसार लेखणीवरच चालवायचा होता. मग बनारसला छापखाना, तो तोट्यात. १९३० पासून ‘हंस’ मासिक, त्याचाही भार. १९३४ मध्ये मुंबईच्या एका चित्रपट कंपनीत गेले, रमले नाहीत, परत आले. १९३६ मध्ये ‘गोदान’ आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५६ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नी शिवरानी देवी यांनी ‘प्रेमचंद घर में’ लिहिलं. त्यात या राजीनाम्याआधी नवरा-बायकोत झालेलं बोलणं आहे. निर्णय एकट्या मुन्शीजींचा नव्हता. घर जिला चालवायचं होतं तिचा होकार आधी आला. एखाद्या बाईने आवडीसाठी नोकरी सोडली तर शिवरानी देवींची जागा कोण घेतं, हा प्रश्न मी आमच्या घरात विचारला. नवऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, “सकाळचा डबा मी करीन. बाकीचं बघू.” हे उत्तर प्रामाणिक आहे. पुरेसं नाही.

नोकरी सोडणं किती एकेरी वाट आहे, हे खासगी शाळेतल्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. १९७७ च्या कायद्यानुसार राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. एवढा बंदोबस्त कशासाठी, ते ज्यांनी संस्थाचालक पाहिलेत त्यांना कळेल. जाताना एवढं, मग परत यायचं तर किती? आज नव्याने लागायचं म्हणजे टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टल आहे. अल्पसंख्याक संस्थांचे नियम थोडे वेगळे आहेत, पण जागा मंजूर व्हायला संचमान्यता लागतेच. पटसंख्या घसरली की जागा जाते. मी गेले तर माझी जागा भरली जाईल याची खात्री मला कोणी दिलेली नाही. आमच्या मुलींना मराठी ही परक्याच्या दारासारखी वाटते. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते. एखादी मुलगी दहावीला मराठीत ४२ वरून ७० वर येते तेव्हा मलाही हे काम आवडतं, हे त्या ‘आवडी’च्या हिशेबात कुणी धरतच नाही. मीही बरेच दिवस धरलं नव्हतं.

मग अनुवाद निवृत्तीनंतर करावा का? आमची निवृत्ती ५८ व्या वर्षी. हा सल्ला मला सर्वांत जास्त मिळतो आणि तोच मला सर्वांत खोटा वाटतो. आज रात्री अकराला डोळे चुरचुरतात. पंधरा वर्षांनी पानाला पान लावून बसायची ताकद उरेल, हे कोणत्या हिशेबाने? उर्दूतल्या कितीतरी लेखिका मराठी वाचकापर्यंत अजून पोहोचलेल्या नाहीत. हैदराबादच्या जीलानी बानोंची पुस्तकं आमच्या मराठी वाचनालयात मागून पाहा.

माझ्या मते गणितच चुकीच्या दोन आकड्यांचं मांडलं जातं. एका बाजूला पूर्ण पगार आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण आवड, असं कधीच नसतं. पगाराच्या भोवती आणखी काय-काय लोंबतंय ते पाहावं. मी संध्याकाळी दहावीच्या मुलींची शिकवणी घेते, त्याचे महिन्याला नऊ हजार येतात. पुढच्या वर्षी पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव आहे. थोडी पगारवाढ, आणि वर वेळापत्रक, बदली तास, पोषण आहाराची माहिती, निवडणुकीची कामं आली की याद्या. मी शिकवणी मार्चनंतर बंद करणार आहे आणि पर्यवेक्षकपद नको असं लेखी देणार आहे. मुलीचा नवा लॅपटॉप एक वर्ष पुढे गेला, त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. माझ्यासाठी आवडीची किंमत एवढी आहे: महिन्याला नऊ हजार, एक पद आणि दोन दिवसांचा अबोला. ही मला देता येते. कर्जाचा हप्ता आणि घरातला शब्द मला देता येत नाही.

ज्यांचं वय चोवीस आहे, मागे कर्ज नाही, आई-वडील धडधाकट आहेत, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांना उडी परवडते. आमच्या बी.एड. झालेल्या मुली विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट राबतात, त्यांनी तर ‘पक्की’ होण्याच्या आशेवर आवड गहाण टाकूच नये. तिथे सोडण्यासारखा पगारच नाही.

आणि एक तक्रार आपल्याच साहित्य-मंडळींकडे. संमेलन असलं की मंडप येतो, जेवण होतं, प्रवासखर्च निघतो, पण अनुवादकाला शाल आणि नारळ. ‘तुम्हाला आवड आहे म्हणून सांगितलं मॅडम’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ‘आवड’ या शब्दानंतर माझा हात आपोआप पर्स बंद करतो. मराठी मुसलमानांचं साहित्य हवं असेल तर ते लिहिणाऱ्याचे तास कुणीतरी विकत घ्यावे लागतील. नाहीतर ते साहित्य फक्त ज्यांना पगार आहे तेच लिहितील, आणि तेही रात्री अकरानंतर.

प्रकाशकांना मी गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं. पूर्णवेळ येऊ शकत नाही, पण वर्षाला दोन पुस्तकं देईन. शब्दाला एक रुपया, निम्मे आधी, निम्मे हस्तलिखित दिल्यावर, आणि अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर. तीस हजार शब्दांच्या कादंबरीचे तीस हजार रुपये होतात. त्यांचा फोन आला होता. नावाला हरकत नाही म्हणाले, रुपयाचे साठ पैसे करता येतील का, असं विचारत होते. मी नाही म्हटलं आहे.